सूर्यग्रहण आणि रेडिओलहरी

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी येथे दिवसा मध्यम लहरींवर ट्रान्झिस्टर लावला, तर नागपूरसारखे जवळचे केंद्र स्पष्ट ऐकू येते. परंतु शेकडो किलोमीटर दूरची केंद्रे सूर्यास्तानंतरच कानी पडतात, हा जुन्या श्रोत्यांचा अनुभव आहे. या दिवस-रात्रीच्या फरकाचे कारण पृथ्वीच्या वातावरणातील ‘आयनांबर’ या थरात दडलेले आहे. सूर्यग्रहणाच्या काळात हाच फरक भरदिवसा, अवघ्या काही मिनिटांत घडून येतो.

आयनांबर म्हणजे काय?

भूपृष्ठापासून सुमारे ६० किलोमीटर उंचीवर सुरू होऊन शेकडो किलोमीटरपर्यंत पसरलेल्या या भागात सूर्याचे अतिनील व क्ष-किरण हवेतील अणुरेणूंमधून इलेक्ट्रॉन मुक्त करतात. त्याचे ‘डी’, ‘ई’ आणि ‘एफ’ असे स्तर मानले जातात. सर्वांत खालचा, ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील ‘डी’ स्तर मध्यम लहरी शोषून घेतो. वरचे स्तर लहरींना पुन्हा जमिनीकडे वळवितात. रात्री सूर्यकिरण नसल्याने ‘डी’ स्तर जवळजवळ नाहीसा होतो व दूरच्या केंद्रांची वाट मोकळी होते. जवळच्या केंद्राच्या लहरी मात्र जमिनीलगत प्रवास करून येतात. त्यामुळे त्यांच्यावर ग्रहणाचा फारसा परिणाम होत नाही.

ग्रहणात काय घडते?

चंद्राने सूर्यबिंब झाकताच नवे इलेक्ट्रॉन निर्माण होणे घटते आणि असलेले इलेक्ट्रॉन आयनांशी पुन्हा संयोग पावू लागतात. हवा दाट असलेल्या खालच्या स्तरांत ही क्रिया जलद होते. उंचावरील ‘एफ’ स्तर सावकाश प्रतिसाद देतो. परिणामी दूरची मध्यम लहरींची केंद्रे ऐकू येण्याची शक्यता वाढते, तर लघुलहरींच्या वरच्या वारंवारतांवरील संपर्क क्षीण होऊ शकतो. खग्रास स्थितीतही आयनांबर पूर्णपणे ‘विझत’ नाही, कारण सूर्याचे प्रभामंडल झाकले जात नाही व त्यातून क्ष-किरण येतच राहतात.

महाराष्ट्र आणि ग्रहणे

२२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला होता. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी, तर वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे इंग्लंडहून आलेल्या शास्त्रज्ञांनी वेध घेतले. तेव्हा रेडिओ बाल्यावस्थेत होता आणि आयनांबराची कल्पनाही रूढ झालेली नव्हती. ती १९०२ मध्ये केनेली व हेविसाइड यांनी मांडली. १९२४ मध्ये ॲपलटन यांनी प्रयोगाने सिद्ध केली.

२२ जुलै २००९ च्या ग्रहणाचा खग्रास पट्टा सुरत, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा गेला. विदर्भात ते खंडग्रास होते. ऐन पावसाळ्यातील ढगांनी अनेकांची निराशा केली. रेडिओलहरींना मात्र ढगांचा अडसर नसतो. विजांपासून उत्पन्न होणारे ‘ट्वीक’ नावाचे संकेत एरवी रात्रीच आढळतात. अलाहाबाद (आताचे प्रयागराज), वाराणसी व नैनिताल येथील वेधांत ते त्या दिवशी सकाळी ग्रहणकाळात नोंदले गेले. या संशोधनात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा सहभाग होता.

अभ्यास कशासाठी?

उपग्रहांकडून येणारे जीपीएस संकेत आयनांबरातूनच येतात. वाटेतील इलेक्ट्रॉनांची संख्या बदलली की संकेतांना होणारा विलंब बदलतो व स्थाननिश्चितीत चूक येऊ शकते. दूरच्या विमानांशी व जहाजांशी होणारा लघुलहरींवरील संपर्कही याच थरावर अवलंबून असतो. सौरवादळ कधी येईल हे नेमके सांगता येत नाही. ग्रहणाची वेळ मात्र सेकंदापर्यंत आधी ठाऊक असते. म्हणूनच ग्रहण हा निसर्गाने योजलेला प्रयोग ठरतो.

२ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रातून दुपारनंतर खंडग्रास ग्रहण दिसेल. खंडग्रास ग्रहणात परिणाम सौम्य असतो. तरीही हौशी श्रोत्यांना आदल्या व नंतरच्या दिवशी त्याच वेळी, त्याच वारंवारतेवर ऐकून नोंदींची तुलना करता येईल. सायंकाळ जवळ आली की ‘डी’ स्तर एरवीही विरळ होऊ लागतो. म्हणून अशा तुलनेशिवाय निष्कर्ष काढू नये. सूर्याकडे मात्र योग्य गाळणीशिवाय पाहू नये. कानांनी ग्रहण अनुभवण्यास तशी कोणतीच भीती नाही.