पितळी पुंगळींतील ठासणी

काडतूस हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला; परंतु तो आपल्या स्मरणांत पक्का बसला तो 1857 सालामुळें. त्या काडतुसाची हकीकत शाळेंतील मुलांसही ठाऊक असते. कागदाची सुरळी, तींत मोजलेली दारू व एक गोळी; सुरळीचें टोक दांतांनीं तोडावयाचें, दारू नळीच्या तोंडांतून ओतावयाची, आणि वरून गजानें गोळी ठासावयाची. पुढें धातूचीं काडतुसें आलीं, बंदूक मागच्या बाजूनें भरूं लागली, आणि ठासणीचें युग संपलें, असें आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें सांगितलें. अमेरिकेंतील एका जाड काडतुसाची कुळकथा अलीकडे बारकाईनें पाहिली, तेव्हां तें विधान दुरुस्त करणें आम्हांस भाग पडलें. ठासणी संपली नाहीं; ती बंदुकीच्या तोंडावरून उठली व शिकाऱ्याच्या मेजावर जाऊन बसली.

आरंभींच कबूल करितों कीं, आमच्या हातून उभ्या आयुष्यांत चिमणीसुद्धां मेलेली नाहीं. आमचा अधिकार पुस्तकी आहे, व वाचकांनीं तो तेवढाच समजावा.

ह्या काडतुसाचें नांव पंचेचाळीस-सत्तर. 1873 सालीं अमेरिकेच्या लष्करानें आपल्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठीं तें स्वीकारलें. ती रायफल एकबारी. मागचें झांकण उचलून एक काडतूस घालावें, झांकण लावावें, बार काढावा. काडतुसाचीं मापें त्याच्या नांवांतच आहेत: गोळीचा व्यास इंचाच्या सुमारें पंचेचाळीस शतांश, आणि आंत काळी दारू 70 ग्रेन. गोळीचें वजन 405 ग्रेन. ग्रेन हें माप आतां परकें वाटेल. पण इंग्रजी अमदानींतील तोळा 180 ग्रेनांचा होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हिशेब घरचा होतो. गोळी बरोबर सव्वादोन तोळ्यांची व दारू पावणेपांच माशांहून किंचित् कमी. घोडेस्वारांच्या आंखूड बंदुकीस हा धक्का सोसत नसे, म्हणून त्यांच्या काडतुसांत दारू 55 ग्रेनच घालीत. एकाच आकाराच्या पुंगळींत दोन प्रकारचें बळ भरण्याची चाल अशी पहिल्यापासूनचीच आहे, आणि पुढील सर्व कथेचें बीज तींत आहे.

लष्कराची पहिली पुंगळी तांब्याची होती, व ठिणगी पाडणारी टोपी तिच्या पोटांत दडविलेली असे. ती एकदां वापरून फेंकून द्यावयाची. तापलेल्या बंदुकींत ती कधीं कधीं चिकटून बसे. 25 जून 1876 रोजीं लिटल बिगहॉर्न नदीच्या कांठीं लाकोटा व शायान योद्ध्यांनीं कस्टरची तुकडी कापून काढली, त्या पराभवाचें खापर पुष्कळांनीं ह्या पुंगळीवर फोडलें. 1984 सालापासून त्या रणभूमीवर पद्धतशीर उत्खनन झालें, तेव्हां अडकल्याच्या खुणा असलेल्या पुंगळ्या अगदीं थोड्या निघाल्या. पराभूत सेनापतीपेक्षां मुकें तांबें दोषास अधिक सोयीचें असतें.

फेंकून देणें सरकारास परवडतें. माळरानावरील शिकाऱ्यास नाहीं. दुकान शेंकडों मैल दूर. तेव्हां बायसन मारणाऱ्या कातडी-व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर दारूचे पिंप, शिशाच्या लगडी व पितळेच्या जाड पुंगळ्या गाडींत असत, आणि रात्रीं शेकोटीच्या उजेडांत दुसऱ्या दिवसाचीं काडतुसें भरलीं जात. पितळ बार होतांना फुगतें, मग पुन्हां आंखडतें, व टोपी बाहेरून बसविण्याची सोय असली म्हणजे तें कित्येकदां भरतां येतें. ह्या सोयीचा परिणाम भयंकर झाला. कोट्यवधि जनावरांचे कळप पंधरावीस वर्षांत नाहींसे झाले. 1889 सालीं हॉर्नडे ह्या प्राणिशास्त्रज्ञानें गणती केली, ती 1,091 वर थांबली. तींत पिंजऱ्यांतलीं व कुंपणांतलीं जनावरें धरलेलीं आहेत. ह्या संहाराचीं कारणें पुष्कळ होतीं: आगगाडी, कातड्याच्या पट्ट्यांवर चालणारे कारखाने, व मूळ रहिवाशांचें अन्न तोडण्याची वृत्ति. परंतु रात्रीं भरलेल्या त्या पुंगळ्यांना निर्दोष म्हणवत नाहीं.

नवलाची गोष्ट अशी कीं, जाड काडतुसाची तरफेची रायफल ह्या संहारांत जवळजवळ नव्हतीच. शिकारी एकबारी शार्प्स वापरीत. चापाभोंवतालची कडी खालीं ओढून वर केली कीं रिकामी पुंगळी बाहेर व भरलेली आंत, अशी तरफेची रचना विंचेस्टर कंपनीनें लोकप्रिय केली होती. पण तिचा सांगाडा आंखूड व नाजूक, त्यांत पंचेचाळीस-सत्तर मावेना. 1881 सालीं मार्लिननें तें साधलें. मग विंचेस्टरनें यूटामधील ऑग्डन गांवच्या जॉन ब्राउनिंगची रचना विकत घेऊन 1886 चा नमुना काढला, व त्यांत दोन उभ्या खुंट्या वर सरकून मागची बाजू अशी घट्ट धरीत कीं मोठा बारही ती सहज सोशी. बायसन तोंवर संपलेला. ह्या रायफलीच्या वांट्यास आलीं तीं डोंगरांतील मोठीं हरणें, मूस व अस्वलें.

न्यू हेवन ह्या एकाच गांवांत विंचेस्टरचा कारखाना, तेथेंच मार्लिनचा, आणि तेथेंच जॉन बार्लोनें 1884 सालीं काडतुसें भरण्याच्या हत्यारांची आयडियल कंपनी काढली. पकडीसारखें एक हत्यार: त्यानेंच जुनी टोपी काढावी, नवी बसवावी, गोळी दाबावी, आणि पुष्कळदां गोळी ओतावयाचा सांचाही त्यालाच. शिसें वितळवून त्यांत थोडें कथील घालावें, सांच्यांत ओतावें, थंड झालेल्या गोळीला चरबी-मेणाचा लेप द्यावा. काळ्या दारूची राख पितळ खाते, म्हणून पुंगळ्या पाण्यांत धुवाव्या. शेवटीं पुंगळीची कड गोळीच्या खोबणींत दाबून पक्की करावी. कारण तरफेच्या रायफलींत काडतुसें नळीखालच्या दुसऱ्या नळींत एकामागें एक निजलेलीं असतात, व प्रत्येक धक्क्यानें सैल गोळी पुंगळींत मागें शिरूं पाहते. त्याच कारणानें गोळीचें नाक चपटें लागतें. टोंकदार नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेलें असलें, आणि धक्का बसला, तर काय होईल तें सांगावयास नको. टोंकाला मऊ कृत्रिम पदार्थ बसवून ही अडचण दूर केली गेली ती एकविसाव्या शतकांत.

निवडीविषयीं शिकारी लोकांत फार वाद आहेत. जाड गोळी झुडुपांतून सरळ जाते, ही त्यांतील आवडती समजूत. प्रयोगांत ती टिकली नाहीं. ह्या काडतुसाचा खरा गुण निराळा: गोळी सावकाश जाते, पण जड असल्यामुळें खोल जाते, व मोठें जनावर जवळून लवकर पडतें. दोषही तितकाच स्पष्ट. शंभर यार्डांवर नेम जुळविलेल्या रायफलीची जुन्या भरतीची गोळी दोनशें यार्डांवर सुमारें दोन फूट खालीं लागते. अंतराचा अंदाज चुकला कीं गोळी छातीऐवजीं पायांत, आणि जखमी जनावर रानांत. ज्यास जवळ जाण्याचा धीर नाहीं त्यानें हें काडतूस घेऊं नये, असा आमचा पुस्तकी निवाडा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिनधुराची दारू आली, आणि खरा घोटाळा तेथें झाला. काळी दारू पुंगळींत गोळीच्या बुडापर्यंत भरावी लागते; ती चुकून दोनदां ओतली तर मेजावर सांडते. दारू स्वतःच पहारा करिते म्हणा ना. नवी दारू थोडी पुरते. अर्धी पुंगळी रिकामी राहते. दुहेरी माप त्यांत निमूटपणें मावतें, आणि जुन्या मापानें भरणारास तर बंदूकच फुटून उत्तर मिळतें. म्हणून सोनारासारखा कांटा आला, व लांकडाच्या ठोकळ्यांत पुंगळ्या ओळीनें उभ्या करून दिवा धरून प्रत्येकीच्या पोटांत डोकावण्याची शिस्त आली.

बारीक व वेगवान् काडतुसांपुढें पंचेचाळीस-सत्तर मागें पडलें. 1886 चा नमुना सुमारें एक लक्ष साठ हजार रायफलींनंतर 1935 सालीं बंद झाला. 1972 सालीं, म्हणजे आमच्या देशांत वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला त्याच वर्षीं, मार्लिननें नवी मजबूत रायफल ह्याच काडतुसासाठीं काढली. आतां पेंच असा कीं, शंभर वर्षांपूर्वींची झांकणाची स्प्रिंगफील्ड व ही नवी रायफल, दोहोंतही तेंच काडतूस बसतें. म्हणून कारखाने जुन्या बंदुकीस सोसेल इतकेंच सौम्य भरीत राहिले, आणि अधिक बळ हवें असणारे घरीं भरीत राहिले. भरणारांच्या पुस्तकांत ह्या एका काडतुसाचीं तीन निरनिराळीं प्रकरणें असतात: जुन्या स्प्रिंगफील्डसाठीं, मजबूत तरफेच्या रायफलीसाठीं, व अतिशय भक्कम एकबारी रायफलीसाठीं.

2000 सालीं एक उपाय निघाला. पंचेचाळीस-सत्तरच्या जबर भरतीचें बळ कारखान्यांतूनच यावें, पण तें काडतूस जुन्या बंदुकींत शिरूंच नये, म्हणून पुंगळीच्या बुडाशीं पट्टा काढून 450 मार्लिन हें नवें काडतूस निर्माण केलें. शहाणपणा पितळेंतच कोरण्याचा हा यत्न आम्हांस फार आवडला. शिकाऱ्यांस मात्र तो आवडला नाहीं. त्याचा प्रसार थोडाच झाला, आणि लोक जुन्या पुंगळीकडेच राहिले.

जाणता शिकारी भरलेल्या काडतुसांच्या डबीवर एक चिठ्ठी चिकटवितो: दारू कोणती, किती ग्रेन, गोळी कोणती, आणि बंदूक कोणती. पुंगळीच्या बुडावर शिक्का असतो खरा. पण तो कारखान्यानें रिकाम्या पितळेवर मारलेला असतो, आणि आंत मागाहून कोणीं काय भरलें हें त्यावरून कळत नाहीं.