बीथोव्हेनचा एकांत

थोर कलावंत अविवाहित राहिला, कीं त्याच्या एकाकीपणाला तपश्चर्येचें नांव देण्याकडे रसिकांचा कल असतो. संसाराचे पाश तोडल्यावांचून नादब्रह्म प्रसन्न होत नाहीं, ही समजूत जशी पूर्वेस आहे तशीच पश्चिमेसहि आहे. आणि तिचें उदाहरण म्हणून लुडविग व्हान बीथोव्हेन ह्या जर्मन संगीतकाराचें नांव वारंवार घेतलें जातें. इ. स. १७७० मध्यें बॉन शहरीं जन्मलेला हा पुरुष १८२७ सालीं व्हिएन्ना येथें वारला, तो अविवाहितच. परंतु हें ब्रह्मचर्य त्यानें व्रत म्हणून पत्करिलें होतें काय, ह्याचें उत्तर त्याच्याच कागदपत्रांत आहे.

१८०२ च्या ऑक्टोबरांत, वयाचीं बत्तीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट ह्या खेड्यांत त्यानें आपल्या भावांस उद्देशून एक मृत्युपत्रवजा लेख लिहिला. लोक आपणांस माणुसघाणे समजतात, पण खरें कारण वाढता बहिरेपणा आहे, हें त्यानें त्यांत उघड केलें. संगीतकारानें "मला ऐकूं येत नाहीं, मोठ्यानें बोला" असें चारचौघांत कसें म्हणावें? तेव्हां हा एकांत त्यानें निवडला नव्हता. तो त्याजवर लादला गेला होता.

विवाहाचेंहि तसेंच. योझेफिना ब्रुन्सव्हिक ह्या विधवा उमराव स्त्रीस १८०४ ते १८०७ च्या दरम्यान लिहिलेलीं त्याचीं तेरा पत्रें १९५७ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत विरक्ति नाहीं, व्याकुळता आहे. सामान्य कुळांतील पुरुषाशीं तिनें लग्न केलें असतें, तर आपल्या मुलांचें पालकत्व गमावण्याचा धोका तिच्यापुढें होता. १८१० सालीं विवाहाच्या आशेनें बीथोव्हेननें एका जुन्या मित्राकरवीं बॉनहून आपल्या बाप्तिस्म्याचा दाखला मागविला. तोहि योग जुळला नाहीं. मृत्यूनंतर त्याच्या कागदांत सांपडलेलें, एका 'अमर प्रिये'स लिहिलेलें पत्र तर जगप्रसिद्धच आहे. त्यावर ना सन आहे, ना तिचें नांव. सन १८१२ हें संशोधकांनीं ठरविलें. नांवाविषयींचा वाद मात्र मिटलेला नाहीं.

घराची ही अतृप्त भूक पुढें एका अजाण मुलावर येऊन पडली. १८१५ च्या नोव्हेंबरांत बीथोव्हेनचा धाकटा भाऊ वारला. त्याचा मुलगा कार्ल तेव्हां नऊ वर्षांचा होता. त्यास आईपासून तोडून आपल्या ताब्यांत घेण्यासाठीं चुलत्यानें न्यायालयांत जो झगडा मांडला, तो १८२० पर्यंत चालला. चुलता जिंकला. त्याच्या प्रेमांत खोटेपणा नव्हता. पण त्या प्रेमांत मोकळा श्वास घेण्यास जागाहि नव्हती. १८२६ च्या उन्हाळ्यांत कार्लनें बाडेनजवळच्या एका पडक्या किल्ल्यांत स्वतःवर पिस्तूल झाडून घेतलें. तो वांचला, आणि त्यास आईच्याच घरीं नेण्यांत आलें. पुढील वर्षाच्या आरंभीं तो सैन्यांत दाखल झाला. चुलत्याच्या मृत्युसमयीं तो जवळ नव्हता.

बीथोव्हेनचा चरित्रकार शिंडलर ह्यानें त्याचें चरित्र १८४० सालीं प्रसिद्ध केलें. बहिऱ्या बीथोव्हेनशीं लोक ज्या वह्यांत लिहून बोलत, त्या वह्या शिंडलरच्या ताब्यांत होत्या. आणि त्यांत त्यानें मागाहून स्वतःच्या कल्पनेचे संवाद घुसडले, हें १९७७ सालीं उघडकीस आलें. चाहत्याची भक्ति अशीहि असूं शकते: ती दैवताचें दुःख पुसून टाकते आणि तेथें आपणांस हवी तशी मूर्ति बसविते.

पण एकाकीपणाला व्रत म्हटलें, कीं त्याची किंमत कोणी मोजली हा प्रश्नच उरत नाहीं. आणि कार्ल हा त्या प्रश्नाचें उत्तर आहे. नववी सिंफनी ऐकून कृतज्ञ व्हावें, पण ती एकांताचें फळ होती असें म्हणूं नये. ती एकांत असूनहि निर्माण झाली.

कार्लनें १८३२ सालीं सैन्य सोडलें, विवाह केला, आणि पांच मुलांचा संसार थाटला. चुलत्यास आयुष्यभर जें लाभलें नाहीं, तें पुतण्यास लाभलें. आपल्या मुलाचें नांव त्यानें लुडविग ठेवलें.