मधुमेहाची चाहूल

रोग जडल्यावर तो ओळखणे ही वैद्यकातील प्राचीन विद्या होय. पण धडधाकट माणसाला पुढे तो जडण्याचा संभव किती, हे आकड्यांत सांगणे ही अगदी अर्वाचीन विद्या आहे. मधुमेहापुरते पाहिले तर तिचे बीज आपल्याकडे फार पूर्वीच पडलेले दिसते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर येणारा. दुसरा अपथ्याने ओढवून घेतलेला. पहिल्याचा रोगी कृश, तर दुसऱ्याचा स्थूल, बहुभोजी आणि अंथरुणावर वा आसनावर रमणारा. चरकानेही बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख यांची गणना या रोगाच्या कारणांत केली. कुळ, काया आणि आळस यांवर नेमके बोट ठेवणारे हे निरीक्षण होते. त्याला उणीव होती ती फक्त संख्येची.

ही संख्या विसाव्या शतकात आली. १९४८ साली अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी हृदयविकाराच्या अभ्यासासाठी एक पद्धत रूढ झाली: निरोगी माणसांची नोंद करायची, वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवायचे आणि कोण आजारी पडतो ते मोजायचे. फिनलंडमधील संशोधकांनी हाच मार्ग मधुमेहासाठी अनुसरला. १९८७ साली नोंदवलेल्या लोकांची दहा वर्षांची हकीकत तपासून २००३ मध्ये त्यांनी वय, वजन, कंबर, व्यायाम, आहार, रक्तदाब इत्यादींविषयीची गुणपत्रिका प्रसिद्ध केली. तिला ना सुई लागे, ना प्रयोगशाळा. असे भाकीत निरर्थक नव्हते. कारण त्याच देशात २००१ साली असे सिद्ध झाले होते की, धोक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसांनी आहारविहार सुधारला तर मधुमेहाचा संभव ५८ टक्क्यांनी घटतो.

परंतु एका देशाचे माप दुसऱ्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो भरले. मात्र आपल्या बालकाच्या अंगी मांस जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. २००४ साली याज्ञिकांनी व त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याने ज्याला निर्धास्त केले, तोच भारतीय माणूस आतून धोक्यात असू शकतो, हे त्यावरून उघड झाले.

म्हणूनच चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेली भारतीय गुणपत्रिका मोलाची ठरते. तिच्यात वजनाला स्थानच नाही. पन्नाशी गाठलेल्याला वयाचे ३० गुण. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असल्यास १०, दोघांनाही असल्यास २०. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर वा स्त्रीची ८० झाली की १०, आणि त्याहून दहा सेंटिमीटरने वाढली की २०. बैठे काम असून व्यायाम नसेल तर ३०. एकूण १०० पैकी ६० वा अधिक गुण म्हणजे मोठा धोका. आता बावन्न वर्षांच्या एखाद्या सडपातळ कारकुनाचा हिशेब मांडून पाहावा. कंबर ८६ सेंटिमीटर, म्हणून तिचे गुण शून्य. परंतु वयाचे ३०, बैठकीचे ३० आणि मधुमेही आईमुळे १० मिळून ७० होतात. आरसा त्याला ही गोष्ट कधीच सांगणार नाही.

हे गुण म्हणजे निदान नव्हे. निदान रक्ततपासणीच करील. तपासणी कोणी आधी करून घ्यावी, एवढेच ते सांगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी मानली, हे ध्यानी घेता एवढी सूचनाही थोडी नाही.

या गुणपत्रिकेतील एक विभागणी विचार करण्याजोगी आहे. वय आणि कुळ यांचे मिळून गुण ५०. कंबर आणि श्रम यांचेही ५०. पहिला अर्धा भाग कोणालाही बदलता येत नाही, दुसरा बदलता येतो. सहज आणि अपथ्यज असा भेद करणाऱ्या सुश्रुताने निर्धन रोग्याला शंभर योजने पायी चालण्याचा उपाय सांगितला होता. आज इतके चालण्याची गरज नाही. मात्र चालण्यास आरंभ रोग येण्यापूर्वी करावयास हवा.