नाणेघाटाची वाट

जुन्नरहून पश्चिमेस घाटघरपर्यंत गेल्यावर सह्याद्रीच्या कड्याशीं जी चिंचोळी खिंड लागते, तिचें नांव नाणेघाट. हल्लीं हौशी लोकांच्या जीपगाड्या पावसाळ्यांत चिखल तुडवीत तेथवर येतात. परंतु कड्याच्या तोंडाशीं प्रत्येक चाक थांबतें. खालीं मुरबाडच्या बाजूस वैशाखऱ्याकडे उतरणारी दगडी वाट ही पायांची व खुरांची आहे.

याच वाटेनें सातवाहनांच्या काळीं सोपारा व कल्याण या बंदरांतील माल जुन्नरास व तेथून पैठणास जाई. घाट चढावयाचा तो बैलांच्या पाठीवरून. माथ्यावर आल्यावर मात्र सपाटी असल्यानें गाडी जोडतां येई. त्या व्यापारानें जुन्नर किती संपन्न केलें, हें गांवाभोंवतींचीं दोनशेंहून अधिक लेणींच सांगतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें एक लेणें कोरविलें. इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं टाकीं दिलीं, तर चित नांवाच्या दुसऱ्या यवनानें भोजनमंडप दिला.

खिंडीच्या तोंडाशींच एक गुहा आहे. तिच्या भिंतींवरील प्राकृत लेख पंडित भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांच्या परिश्रमानें वाचला गेला. ब्यूलरनें तो १८८३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत अश्वमेधादि यज्ञांचीं नांवें व गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांच्या दक्षिणा नोंदल्या आहेत. २४,४०० हा आंकडा तेथें शून्याविना, वीस हजार, चार हजार व चारशें यांच्या निरनिराळ्या चिन्हांनीं लिहिलेला आहे. मागील भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका इत्यादींच्या मूर्ति होत्या. आज नांवें राहिलीं आहेत. मूर्तींचे मात्र बहुतेक पायच उरले आहेत.

वरच्या दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत व त्यावरूनच घाटास हें नांव पडलें, असें लोक सांगतात. गोष्ट मनास पटण्यासारखी आहे. मात्र लेखांत जकातीचा उल्लेख नाहीं. तथापि यज्ञांचें हें वैभव राजधानींत न कोरतां प्रत्येक वाटसरूच्या नजरेस पडेल अशा जागीं कोरलें, यांतच राजसत्तेचा हेतु दिसतो.

ती सत्ता निर्वेध राहिली नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत म्हटलें आहे कीं, कल्याणास येणारीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस नेलीं जात. त्याच ग्रंथाप्रमाणें पैठणचे अकीकासारखे दगड व तगरचें साधें कापड गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखांतून, भडोचेस जाई. जवळचें बंदर बंद झालें म्हणजे माल दूरची आडवाट धरतो! खुद्द जुन्नरही क्षत्रपांच्या हातीं गेलें. मानमोडीच्या लेण्यांत नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. पुढें गौतमीपुत्रानें नहपानाचा पराभव केला. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांवर नाणीं सांपडलीं, व त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हा मारलेला आहे.

त्यानंतरही शतकानुशतकें बैलांचे तांडे हा घाट चढत राहिले. जीवधन किल्ला त्यावर नजर ठेवून होता. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी चढली, आणि व्यापारानें नाणेघाट सोडला.