मुरूम, डाग आणि रेटिनॉइड: प्रस्तावना

मुरूम काही दिवसांत बसतो, त्याच्या जागी उरलेला काळा डाग मात्र महिनोन्‌महिने हटत नाही. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेच्या अनेक रुग्णांना मुरुमापेक्षा हा डागच अधिक सलतो. म्हणून मुरूम किती कमी झाले यासोबतच मागे डाग किती राहिले, हेही औषधांची तुलना करताना विचारले पाहिजे. या ग्रंथातील प्रकरणे याच जोडप्रश्नाला धरून लिहिली आहेत.

रेटिनॉइड म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषधे. अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ट्रेटिनॉइनचा मुरुमांवरील उपयोग मांडला. केसाच्या छिद्रात मृत पेशी चिकटून साचतात आणि तिथूनच मुरुमाची सुरुवात होते. रेटिनॉइड हे साचणेच रोखते. पेशींतील ज्या ग्राहींमार्फत ते काम करते, त्यांचा शोध १९८७ मध्ये लागला. त्यामुळे निवडक ग्राहींवर काम करणारी औषधे घडवता आली: अडॅपलीन, टॅझारोटीन आणि २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रायफॅरोटीन.

डागांच्या बाबतीत ही औषधे वरच्या थरातील पेशींची उलाढाल वाढवतात, त्यामुळे तिथले मेलॅनिन लवकर निघून जाते. खोलवर उतरलेला करडा-निळसर डाग मात्र सहज दाद देत नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांनी ४० आठवडे ०.१ टक्के ट्रेटिनॉइन लावले. डाग फिकट झाले, पण अनेकांची त्वचा लाल होऊन सोलवटली. सावळ्या त्वचेत अशा दाहातूनच नवा डाग उमटू शकतो. त्यामुळे इथे औषधाचा सौम्यपणा हा त्याच्या गुणकारीपणाचाच भाग ठरतो. ०.१ टक्के अडॅपलीन जेल मुरुमांवर ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइन जेलच्या तोडीचे ठरले आणि त्याने तुलनेने कमी जळजळ झाली, या निष्कर्षाचे मोल त्यातच आहे.

नव्या अभ्यासकाने कोणताही शोधनिबंध वाचताना औषधाची तीव्रता, ते जेल होते की क्रीम, किती आठवडे लावले आणि कोणत्या वर्णाच्या लोकांवर पारखले, हे आधी पाहावे. डाग केवळ डोळ्यांनी जोखला की उपकरणाने मोजला, हेही तपासावे. गोऱ्या त्वचेवरील आकडे आपल्या रुग्णांना जसेच्या तसे लावू नयेत.

उपचारातही हाच विवेक हवा. रात्री थोडेसे औषध, सुरुवातीला एक दिवसाआड, जोडीला मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. गरोदरपणात ही औषधे टाळावीत. टॅझारोटीन तर पूर्णपणे वर्ज्य. स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची क्रीम स्वतःच्या मनाने लावून चेहरा बिघडलेले रुग्ण भारतात त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी भेटतात; त्यांच्यासाठी तरी हे ज्ञान मराठीत, स्पष्ट शब्दांत पोहोचायला हवे.

या क्षेत्रात करण्याजोगे काम भरपूर आहे, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवरचे काम आपणच हाती घ्यायला हवे.