संहिता, टीका आणि परवाना

पौड रस्त्यावरील एमआयटीत शिकलेल्या एका स्नेह्याच्या कपाटात आम्हांस मॉरिस बाख यांचा युनिक्सवरील ग्रंथ (१९८६) मिळाला. प्रत स्वस्त भारतीय आवृत्तीची. कोथरूडमधील अभियंत्यांच्या दोन पिढ्यांना ती परिचित असावी. आम्ही साहित्याची माणसे, त्यामुळे चाळताना एक गोष्ट खटकली. ग्रंथ एका संहितेविषयी आहे, पण ती संहिता, म्हणजे युनिक्सची मूळ आज्ञावली, त्यात छापलेली नाही. तिच्या रीती तेवढ्या सारांशाने सांगितल्या आहेत. ज्ञानेश्वरीवर भलाथोरला ग्रंथ लिहावा आणि एकही ओवी उद्धृत करू नये, तसे काहीसे.

याचे मूळ एका सवलतीत आहे.

युनिक्स १९६९ पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडत गेली. मालक कंपनी एटी अँड टी. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे तिला दूरसंचाराबाहेरील धंद्यात उतरता येत नव्हते. तेव्हा विद्यापीठांना ही प्रणाली आज्ञावलीसकट जवळजवळ फुकट मिळू लागली. १९७५ च्या सुमारास व्यावसायिक परवान्यास २०,००० डॉलर पडत, तर विद्यापीठास १५०. आजच्या 'स्टुडंट एडिशन'चा हा एक थोर पूर्वजच म्हणायचा.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे अध्यापक होते. त्यांनी या सवलतीचा अर्थ शिक्षकाला शोभेल असाच घेतला. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यातील सुमारे नऊ हजार ओळी त्यांनी क्रमांक घालून एका पुस्तिकेत मांडल्या आणि दुसरीत त्यांवर टीका लिहिली (१९७७). एका हाती मूळ, दुसऱ्या हाती भाष्य. आपल्याकडील पोथीवाचनाची बैठक याहून फार निराळी नसे.

१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली, आणि तिच्या परवान्याने ही आज्ञावली वर्गात शिकवण्यास मनाई केली. विद्यापीठाने वापरावी, पण विद्यार्थ्यांसमोर वाचू नये! वरवर हे विक्षिप्त वाटते. परंतु कंपनीची भिस्त प्रताधिकारापेक्षा व्यापारी गुपितावर होती, हे ध्यानात घेतले की त्यातील तर्क दिसतो. प्रताधिकार असलेली कविता वर्गात हजारदा वाचली तरी कवीचा हक्क अबाधित राहतो. भारताच्या १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ तर शिकवण्यापुरती नक्कल करण्याचीही मुभा देते. गुपिताचे तसे नाही. ते साठ मुलांना सांगितले की संपले. अध्यापन हाच तेथे अपराध ठरतो.

लायन्स यांची टीका मग झेरॉक्सवर जगली. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, अक्षरे पुसट होईतो. ती राजरोस छापली गेली १९९६ साली. १९९८ मध्ये लायन्स वारले.

ॲमस्टरडॅमचे अँड्र्यू टॅनेनबाम यांनी दुसरी वाट धरली. शिकवायला संहिता नाही, तर आपणच लिहू, असे म्हणून त्यांनी १९८७ मध्ये 'मिनिक्स' रचली आणि तिची आज्ञावली पाठ्यपुस्तकात छापली. गंमत अशी, की तीही स्वस्त असली तरी मोकळी नव्हती. सुधारलेली प्रत वाटण्याची परवानगी नसल्याने लोक केवळ दुरुस्त्यांची टिपणे एकमेकांस धाडत. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये मिनिक्सच्याच यंत्रावर लिनक्स लिहायला घेतली, आणि १९९२ मध्ये ती अशा परवान्याखाली आणली, की वाचा, बदला, वाटा. मिनिक्स मोकळी झाली २००० साली. जुनी युनिक्सदेखील २००२ मध्ये तिच्या तत्कालीन मालकांनी खुली केली. १९७९ ची ती सातवी आवृत्ती आज कोथरूडच्या वर्गात फळ्यावर लिहून शिकवण्यास कोणाचीही हरकत नाही.

सवलतीच्या अटी मात्र नव्या रूपात येतच राहिल्या. मायक्रोसॉफ्टच्या २००७ च्या 'होम अँड स्टुडंट' ऑफिसमध्ये खिडकीच्या माथ्यावरच 'अव्यावसायिक वापर' अशी इंग्रजी पाटी झळके. आमच्यातील एका प्राध्यापकांनी त्यात दिवाळी अंकासाठी लेख लिहिला होता. अंकाचे मानधन आले तेव्हा, हा वापर व्यावसायिक झाला काय, असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही रकमेचा आकडा पाहिला आणि निर्धास्तपणे 'नाही' म्हणालो.