विश्लेषण : फोन टॅपिंगला लेखी आदेश लागतो, मग चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला?

पोलिसांना एखाद्याचा फोन ऐकायचा असेल तर साधारणपणे गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. चौकातला कॅमेरा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा टिपतो आणि संगणक तो यादीशी ताडून पाहू शकतो. या तंत्रज्ञानासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. मग राज्यघटनेने दिलेल्या खासगीपणाच्या अधिकाराचे काय?

हा अधिकार आला कुठून?

राज्यघटनेत ‘खासगीपणा’ असा वेगळा मूलभूत अधिकार लिहिलेला नाही. १९६२ साली खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री घरी येऊन तपासणी करण्याला मनाई केली, पण खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला नाही. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी ‘आधार’ला आव्हान दिल्यावर हा प्रश्न पुन्हा पुढे आला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निकाल दिला : खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे आणि तो अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणजे सरकारला पाळत ठेवताच येत नाही का?

येते, पण काही कसोट्यांवर उतरावे लागते. त्यासाठी कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा, उपाय गरजेपुरताच हवा आणि गैरवापर रोखणारी व्यवस्था हवी.

फोन टॅपिंगचे नियम काय?

‘पीयूसीएल’ संघटनेच्या याचिकेवर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची मुदत, जास्तीत जास्त सहा महिने आणि समितीकडून फेरतपासणी, असा हा साचा आहे. या समितीत सचिव दर्जाचे अधिकारीच असतात, न्यायाधीश नसतो. त्यामुळे आदेश देणारे आणि तो तपासणारे दोघेही सरकारीच, हा मुख्य आक्षेप आहे.

तरीही कागदावरचा आदेश उपयोगी पडतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातील टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षा, यांपैकी एकही कारण तिथे नव्हते. ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचे आदेशही न्यायालयाने दिले.

कॅमेऱ्याचे प्रकरण वेगळे का?

टॅपिंगमध्ये ठरावीक नंबर, लेखी कारण आणि मुदत असते. चेहरा ओळखणारा कॅमेरा संशयित आणि शाळेत निघालेले मूल, दोघांचेही चेहरे सारखेच तपासतो. कुणा एकाच्या नावाचा आदेश नसतो, त्यामुळे न्यायालयात नेमके कशाला आव्हान द्यायचे, हाच प्रश्न उरतो.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदाही इथे फारसा कामी येत नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना त्यातून वगळू शकते.

गुन्हेगार किंवा हरवलेली मुले शोधण्यासाठी हे तंत्रज्ञान उपयोगी आहे, असे पोलीस सांगतात. हेतू योग्य असू शकतो. पण चार कसोट्यांपैकी ती एकच झाली. कोणाचे चेहरे यादीत घालायचे, किती दिवस जपायचे आणि चुकीचा माणूस पकडला गेला तर जबाबदार कोण, हे स्वतंत्र कायद्याने ठरलेले नाही. पहिली कसोटी कायद्याचीच आहे आणि अडचण नेमकी तिथेच आहे.